वर लाथ मारणारा के

५ मार्च

दादा,

दचकू नकोस, आतून काही उडी मारणार नाही. पाकीट हलवून, लांब धरून, कान लावून मगच उघडलं असशील, माहीत आहे मला. या वेळी खरंच नुसता कागद आहे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज आला की ठेवतोस. आईचा आवाज काढून केला तरी ठेवलास. म्हणून पत्र. आणि तू कारखाना सोडून तिकडे निघालास तेव्हा आईने बॅगेवर बसून तुझ्याकडून कबूल करून घेतलंय की घरून पत्र आलं तर उत्तर पाठवायचं, लिहिणारा कोणीही असो. 'कोणीही' म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

तर सरळ विचारतो. त्या शिडीवर ओके मी लिहिलं, असं तुला अजून वाटतं का?

कारखान्यात शिड्या बनवणाऱ्या सगळ्यांना वाटतं. मालकांनी ती मोडकी शिडी दारासमोरच्या भिंतीवर आडवी टांगलीय. गिऱ्हाईक आलं की आधी शिडी दाखवतात, मग मला. "आता आमच्याकडे कडक तपासणी असते," म्हणतात. मला पॉलिशवरून काढून भुसा झाडायला लावलंय. त्यातही कोणीतरी मागे उभं असतं, मी भुशात बोटाने काही लिहितोय का ते बघायला.

मी लिहायचो, मान्य. तू तपासलेल्या शिड्यांवर जे लाल इंग्रजी ओके लिहायचास, ते हुबेहूब काढायचो. मालकांच्या डब्यावर काढलं, घरमालकांच्या मांजरीवर काढलं. तू झोपलेला असताना तुझ्या मानेवर काढलं आणि तू तसाच रंगारीकाकांच्या घरी लग्नाचं बोलायला गेलास. पण शिडीवर कधी नाही. शिडीवर माणूस चढतो रे. एवढी अक्कल मला शाळेत न जाताही आलीय.

त्या दिवशी रंगारीकाका पडल्याचं कळलं, शिडी परत आणली, तेव्हा तू सगळ्यांसमोर तिच्या दांड्यावरच्या ओकेकडे बघून म्हणालास, "हा के माझा नाही. माझा के असा नसतो." आणि मग माझ्याकडे बघितलंस. नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो.

काकांचं मनगट अजून प्लास्टरात आहे. डाव्या हाताने भिंत रंगवायला गेले तर मुलीने ब्रश काढून घेतला म्हणे. ती आपल्या घरावरून जाते तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाते. लग्नाचं कोणी काढत नाही.

उत्तर दे.

धाकटा


१४ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. एवढं मोठं कोरं कार्ड, आणि मधोमध इंग्रजीत 'ओके'.

मी विचारलं काय? तुला अजून वाटतं का की मी लिहिलं? त्यावर तू म्हणतोस ओके. म्हणजे काय समजायचं? हो वाटतं? की जाऊ दे, विसरलो? की पत्र पोचलं एवढंच?

आईला दाखवलं. ती म्हणाली, "ठीक आहे म्हणतोय."

"कशाला ठीक आहे म्हणतोय?"

"स्वतःला. मी ठीक आहे, काळजी करू नको."

"आई, माझ्या प्रश्नाला म्हणतोय तो."

"तुझ्या प्रश्नाला कोण उत्तर देतं?" असं म्हणून तिने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, बोटाने खालची रिकामी जागा पुसली. "आई हा शब्द कुठे आहे यात?" म्हणाली, आणि कार्ड डाळीच्या डब्याखाली ठेवून दिलं.

तेव्हापासून मी हा शब्द ऐकत फिरतोय. मालक गिऱ्हाइकाला ओके म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'पैसे काढा'. घरमालकांना मी सॉरी म्हटलं की ते ओके म्हणतात, त्याचा अर्थ 'तुझ्यावर डोळा आहे'. पोस्टमनने तुझं कार्ड देताना आधी वाचलं आणि म्हणाला, "सगळं ओके का?" त्याचा अर्थ 'घरात काय भानगड आहे ते सांग'. फोन ठेवायच्या आधी लोक ओके ओके ओके म्हणतात, म्हणजे 'आता गप्प बस'. एकाच शब्दाच्या खिशात एवढी माणसं मावतात. तुझ्या ओकेत यातलं कोण आहे?

आणखी एक सांगतो, राग येऊ दे. मला तुझाच संशय येतोय. तू रोज वरच्या पायरीवर चढून, दोनदा उडी मारून, मगच लाल रंगाचा ब्रश उचलणारा माणूस. आईने चहात साखर ठीक आहे का विचारलं तरी आधी घोट घ्यायचास, मग ओके म्हणायचास. तो माणूस माझं पत्र न वाचता ओके लिहील? मला नाही पटत.

तर खबर ऐक. आईने पिठाची गिरणी विकत घेतली. मालक कारखाना सोडून गाणं शिकायला गेले. मी रोज पहाटे उठून व्यायाम करतो.

कळव.

धाकटा


२२ मार्च

दादा, किंवा जो कोणी तिकडे कार्डं लिहितोय तो,

ओके. गिरणीलाही ओके. मालकांच्या गाण्यालाही ओके. मी पहाटे उठतो, त्यालाही ओके. माझा दादा असता तर शेवटच्या वाक्याला तापला तरी असता.

म्हणून आता मला वेगळीच शंका आहे. तू तिकडे नाहीसच. तू आजारी आहेस, किंवा खोली सोडून गेलास, आणि खोलीवरचा तुझा जोडीदार आईला घाबरून कार्डं टाकतोय. किंवा तू त्याला म्हणालास, "घरून काही आलं की ओके लिहून टाक." हे दुसरं जास्त वाईट आहे.

जोडीदारसाहेब, तुम्ही असाल तर एवढंच सांगा, तो जेवतो का?

आईला मी हे बोललो नाही. ती विचारते, "गिरणीचं काय म्हणाला?" मी तिला सांगितलं होतं की गंमत म्हणून लिहिलंय. ती वाट बघत होती की तू हसशील, काहीतरी लिहिशील. मी सांगितलं, अजून कार्ड आलं नाही. कार्ड माझ्या उशीत आहे.

मी ते अक्षर उजेडात धरून बघितलं. अक्षर तुझंच वाटतं. के ची काठी सरळ, वरचा हात आखूड, खालचा पाय लांब, लाथ मारल्यासारखा बाहेर फेकलेला. पण मीही तसाच काढतो. मी काढतो तर दुसरा कोणी का काढणार नाही?

उद्या लायब्ररीत जातोय. हसू नकोस. मला या शब्दाची सगळी कुंडली काढायचीय. कुठून आला, कोणी आणला, आणि याच्यावर इतका भरवसा ठेवायला याने केलंय काय.

धाकटा


२९ मार्च

दादा,

लायब्ररीत काउंटरवर कोण बसतं हे मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो. म्हटलं, सुट्टीवर असेल.

नव्हती. मला बघून तिने आधी काउंटरवरचा शिक्का उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"काय पाहिजे?"

"वहिनी, एका शब्दाचा अर्थ."

"वहिनी म्हणायचं नाही."

"बरं. मॅडम, एका शब्दाचा अर्थ."

"कुठला?"

"ओके."

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की शेजारी पेपर वाचणारे आजोबाही बघायला लागले. "माझ्या बाबांचा हात मोडला त्या शब्दाने," ती हळूच म्हणाली. "आणि तू इथे चेष्टा करायला आलास."

मग मी तुझी दोन्ही कार्डं, डाळीच्या डब्याखालचं आणि उशीतलं, काउंटरवर ठेवली. तिने हात लावला नाही, वाकून बघितली. अक्षर ओळखलं असणार. आत गेली आणि विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आली. तेव्हापासून मला वाटतं की तिलाही जाणून घ्यायचं होतं, तू काय म्हणतोयस ते. पण हा माझा संशय, तिला विचारू नकोस.

तर ऐक. या शब्दाचा बाप कोण यावर लोक पिढ्यानपिढ्या भांडतायत. कोणी म्हणे तो ग्रीक भाषेतून आला. कोणी म्हणे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतून, कोणी म्हणे आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी आणला. एक गोष्ट अशी की रेल्वेतला कोणी कारकून पार्सलावर आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायचा. दुसरी अशी की बिस्किटांवर बेकरीवाल्याची अक्षरं असायची.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"एकही नाही. सांगायला छान आहेत, म्हणून टिकल्या. कोणी तपासून बघितलं नव्हतं. मग एका माणसाने वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि खरं मूळ शोधलं."

"काय निघालं?"

तिने ते दोनदा वाचलं, मग मला सांगितलं. खूप वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या पेपरवाल्यांना एक खोड लागली होती. साध्या बोलण्याचं मुद्दाम चुकीचं, अडाण्यासारखं लिखाण करायचं आणि त्या चुकीच्या शब्दांची पहिली अक्षरं छापायची. 'सगळं बरोबर', म्हणजे इंग्रजीत ऑल करेक्ट, हेच 'ओ' आणि 'के'ने सुरू करून मुद्दाम चुकवून लिहिलं आणि त्याची दोन अक्षरं छापली. तेच आपलं ओके. मग एका निवडणुकीत एका उमेदवाराच्या टोपणनावाची अक्षरं नेमकी तीच निघाली, त्याच्या माणसांनी ओके ओके करून गाव डोक्यावर घेतलं. बाकीच्या गमती मेल्या, ही तेवढी राहिली.

दादा, मी तिथेच खाली बसलो. 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहिलेलं. अख्खी दुनिया ज्या शब्दावर पाय ठेवून चढते तो कोणीतरी माझ्यासारख्याने खोडी म्हणून काढला होता.

हे मी मोठ्याने म्हणालो वाटतं. कारण ती म्हणाली, "तुझ्यासारख्याने. मग सांग, शिडीवरची पण खोडीच होती का?"

"नाही."

"तो म्हणतो मी नाही. तू म्हणतोस मी नाही. बाबांचं मनगट मात्र हो म्हणतंय."

निघताना मी विचारलं, "शिडी मोडली म्हणून लग्नाला नाही म्हणालात?"

ती शिक्का परत काढून, पुसून जागेवर ठेवत होती. म्हणाली, "शिड्या मोडतात. पण त्याने सगळ्यांसमोर धाकट्या भावाकडे बघितलं. उद्या घरात काही बिघडलं की माझ्याकडे बघेल."

हे तुला सांगावं की नाही, यावर दोन दिवस गेले. सांगितलं. आता लिही ओके.

धाकटा


६ एप्रिल

दादा,

तू खरंच लिहिलंस ओके.

ठीक आहे. आता तू गप्प बस आणि वाच. ही गिरणी नाही. हे पत्र वाचलं नाहीस तर मी स्वतः तिथे येईन आणि तुझ्या दारात आईच्या आवाजात रडेन.

झालं असं. आई रोज डाळीचा डबा उचलून ते पहिलं कार्ड बघते. मला बघवेना. म्हटलं, आपणच तुझ्या अक्षरात एक मोठं कार्ड लिहू. 'आई, मी बरा आहे, जेवतो, तुझी आठवण येते,' असं काहीतरी. हात साफ व्हावा म्हणून एका कागदावर शाईने आधी तुझं ओके काढलं, सावकाश, के ची लाथ मस्त लांब. खाली 'आई' लिहिलं. तेवढ्यात आई आली. कागद घाईने आडवा दुमडला आणि त्यावर बसलो.

"काय लपवलंस?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे घराला आग."

ती गेल्यावर कागद उघडला. शाई ओली होती, सगळं दुसऱ्या अर्ध्यावर उमटलं होतं. 'आई' बिचारी डोकं खाली पाय वर करून उभी होती, वाचता येत नव्हती. आणि ओके?

ओके तसंच होतं. सरळ, सुलटं, वाचता येणारं ओके. वर-खाली पालटलं तरी ओ तो ओच, के तो केच. फरक फक्त एक. के ची लांब लाथ खाली नव्हती. वर होती.

दादा, भिंतीवर टांगलेल्या शिडीवरच्या के ची लाथ वर आहे. मी रोज तिच्यासमोर भुसा झाडतो. सगळे म्हणतात की मी नक्कल करायला गेलो आणि पाय चुकवला. तू म्हणालास, माझा के असा नसतो. बरोबर बोललास. पण तो माझाही नाही. तो तुझाच आहे, छापा होऊन उमटलेला.

आता आठव. त्या सकाळी तू एकच शिडी तपासलीस. चढलास, उडी मारलीस, खाली उतरून ती दोन स्टुलांवर आडवी ठेवलीस आणि दांड्याच्या लांबीने लाल ओके काढलंस. रंग वाळेपर्यंत शिडी स्टुलांवरून हलवायची नाही, हा तुझाच नियम. तेवढ्यात रंगारीकाका आले. होणारे सासरे. तू तांबडालाल झालास, मी बघत होतो पॉलिशवरून. काका उभे. कारखान्यात स्टुलं किती? तीच दोन. तू काय केलंस?

मला माहीत आहे काय केलंस. मी त्यावर हसलो पण होतो. तू शिडी उचललीस, भिंतीशी रांगेत उभ्या असलेल्या शिड्यांमध्ये एक फट होती तिथे सरकवलीस, आणि फडक्याने स्टूल पुसून काकांना म्हणालास, "बसा ना." ओला ओके शेजारच्या न तपासलेल्या शिडीच्या दांड्याला चिकटला.

हे मला वाटतं. नुसतं वाटण्यावर ओके लिहायचं नाही, हे तुझ्याकडूनच शिकलोय. म्हणून अजून कोणाला बोललो नाही. मालकांचा भरवसा नाही, ते म्हणतील की नवीन खोडी. आणि खरं सांगू, माझाही मला भरवसा नाही. इतकं सोपं कसं असेल, ही शंका येते.

धाकटा


१० एप्रिल

दादा,

आधी तिच्याकडे गेलो. लायब्ररी बंद व्हायच्या वेळी. या वेळी शिक्का बाहेरच राहिला. कागद दुमडून दाखवला. तिने स्वतः दुसऱ्या कागदावर करून बघितलं, मग पेपर वाचणाऱ्या आजोबांकडून करून घेतलं. मग म्हणाली, "चल, बाबांना विचारू."

काका पलंगावर बसून डाव्या हाताने बूट पुसत होते. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी शिडी कशी निवडलीत?"

"निवडायची काय? ओके होतं, घेतली."

"एकीवरच होतं?"

"दोघींवर होतं. तुझा तो आत चहा सांगायला गेला होता. मी रांगेतल्या शिड्या जरा बाजूला करून बघितल्या. शेजारी शेजारी दोन ओके. म्हटलं, पोराने दोन तपासून ठेवल्यात आपल्यासाठी. त्यातली हलकी उचलली. या वयात जड कोण उचलणार?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं? सगळे येऊन मनगट बघून जातात."

दादा, हलकी म्हणजे लाकडात आत पोकळ गाठ असलेली, तीच मोडली. आणि जड ती तुझी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कारखान्यात गेलो. काका, ती आणि मी. मालक म्हणाले, "आता काय नवीन?" त्या पडण्यानंतर ओके असलेल्या सगळ्या शिड्या त्यांनी मागच्या शेडमध्ये घालून ठेवल्यात, विकायला भीती वाटते म्हणून. मी एकेक बाहेर काढायला लागलो. मालक माझ्यामागे, मी काही लिहीन म्हणून माझ्या हातांकडे बघत.

सापडली. तुझं ओके, लाथ खाली, पण रंग फासटलेला, जसं ओलं असताना कोणी थोपटलं असावं. भिंतीवरची मोडकी उतरवली. दोन्ही दांडे समोरासमोर धरले. ओ वर ओ, के वर के. आणि हे तुझ्यासाठी खास. तुझ्या के च्या टोकाला ब्रशचा एक केस चिकटून वाळलाय. मोडक्या शिडीवर नेमक्या त्याच ठिकाणी केसाएवढी बारीक रेघ कोरी आहे.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मग रेघेवर नख फिरवलं.

मी म्हटलं, "मालक, पास लिहिलं असतं ना, तर छापा उलटा आला असता, लगेच कळलं असतं. हा एकच शब्द असा आहे की फसवताना पण सरळ दिसतो."

"शब्दाला काय नावं ठेवतोस," काका म्हणाले. "स्टूल एक कमी होतं."

मग मी तुझी शिडी भिंतीला लावली. मालक म्हणाले, "तू नको चढू, मोडशील." मी चढलो. वरच्या पायरीवर. दोनदा उडी मारली. कुरकुरली पण नाही.

मालकांनी माफी बिफी मागितली नाही. चहा मागवला. आणि मोडकी शिडी परत भिंतीवर लावली नाही, आतल्या जळणात टाकायला सांगितली. त्यातला ओकेचा तुकडा मी कापून घेतलाय. काकांनी प्लास्टरवर मालकांची सही घेतली, म्हणाले, "तुम्ही एवढे काय काय दाखवत होता लोकांना, आता हे दाखवतो."

तू लिहिलेल्या एकाही ओकेमुळे कोणी पडलं नाही. तू उभा राहिला होतास त्या शिडीवर. मी लिहिलं नव्हतं आणि तू चुकीचं तपासलं नव्हतंस. आपण दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

आता हे तू न वाचता ओके लिहून पाठवशील अशी मला दाट शंका आहे. म्हणून या कागदाच्या खालच्या भागात ताज्या शाईने तुझं ओके काढतोय, आणि त्याखाली माझं नाव. ओलं असतानाच कागद आडवा दुमडून पाकिटात घालतोय. उघड आणि बघ. माझं नाव शीर्षासनात असेल. ओके मात्र सरळ उभं असेल, लाथ वर करून. तुझा स्वतःचा हात तुला ओळखता येतो का बघ.

धाकटा


२१ एप्रिल

दादा,

कार्ड आलं. पोस्टमनने वाचलं आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "हे काय, या वेळी मोठं लिहिलंय."

मोठं म्हणजे तीन शब्द. "उभा राहिलास का?"

आईने वाचलं. "कोणाला विचारतोय? कुठे उभं राहायचं?" मी तिला सगळं सांगितलं, उशीतल्या कार्डांपासून. तिने आधी मला धोपटलं, मग कार्ड परत परत वाचलं. म्हणाली, "यात पण आई नाही. पण प्रश्न तरी आहे." हे कार्ड डाळीच्या डब्याखाली गेलं नाही. दारावर, कडीजवळ टोचलंय.

तर उत्तर. हो. उभा राहिलो. वरच्या पायरीवर, दोन्ही पाय, दोनदा उडी. सगळ्यांसमोर. ते मागच्या पत्रात लिहिलं होतं, म्हणजे तू वाचलंस पण विश्वास ठेवला नाहीस. बरोबर केलंस. मी असतो तर मीही ठेवला नसता.

कारखान्यात आता तीन स्टुलं आहेत. तिसऱ्यावर रंग लावायचा नाही, शिडी ठेवायची नाही, फक्त पाहुण्याने बसायचं. मालकांनी मला परत पॉलिशवर घेतलं. तपासणीची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मी करतो. ते म्हणाले, "तू? ओके लिहिणार?" आणि इतके हसले की चहा सांडला. तुझी ती शिडी विकायला काढली होती, मी विकू दिली नाही. वर तुझं ओके आहे फासटलेलं. ते पुसून नवीन लिहायचं असेल तर लिहिणाऱ्याने आधी चढावं लागतं, असं मी मालकांना सांगितलं. शिडी दाराशी उभी आहे.

काकांचं प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडं आहे, पण ब्रश धरतात. म्हणतात की कोपरे आता जास्त चांगले येतात.

काल मी लायब्ररीत गेलो, पुस्तक परत करायला. म्हणजे पुस्तक नव्हतंच, तुझं कार्ड दाखवायला गेलो. तिने वाचलं. "मला नाही विचारलंय," म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला पण विचारायला लावतो."

बघ, वहिनी म्हटलं तरी ती काही बोलली नाही. मान खाली घालून शिक्के मारत राहिली, पण एकाच पानावर दोनदा मारला. यावरून मला जो संशय आलाय तो मी लिहीत नाही, येऊन बघ.

आणि येणार तर नीट कळव. तारीख लिही, गाडी लिही, आईला काय आणतोस ते लिही. त्या के बद्दल तुला मला काय म्हणायचंय ते समोरासमोर म्हण, किंवा नको म्हणूस, नुसता ये. पण या पत्राला ओके लिहिलंस ना, तर आईला पुढच्या गाडीत बसवून तुझ्या खोलीवर राहायला पाठवतो. बॅग भरून दाराशी ठेवलीय तिने. त्यावर बसलीय.

धाकटा